जमिनीखालच्या अंत्यस्थानांचे शब्द आणि त्यांचे अर्थ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तापीकाठच्या जुन्या गावांत फिरणाऱ्यांना कबर, हजिरा, समाधी, छत्री आणि भुयार हे शब्द जागोजागी भेटतात आणि अनेकदा एकाच वास्तूला दोघेजण दोन नावे सांगतात. त्यातून उभे राहणारे जे प्रश्न आमच्याकडे पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. उत्तरे देताना एकच कसोटी लावली आहे: हा शब्द मुळात जमिनीखालच्या जागेचा आहे की वरच्या बांधकामाचा, आणि तो वापरला म्हणजे खाली देह आहेच असे समजावे काय?

प्रश्न: थडगे आणि कबर या दोन शब्दांत फरक काय?

व्यवहारात फारसा फरक राहिलेला नाही. मात्र दोन्ही शब्दांची वळणे वेगळी आहेत. कबर हा अरबी ‘कब्र’वरून आलेला शब्द असून त्याचा मूळ अर्थ देह पुरण्याची जागा, म्हणजे जमिनीतला खड्डा, असा आहे. त्यावर काही बांधलेले नसले तरी ती कबरच असते. थडगे म्हटल्यावर मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर प्रथम वरचा उंचवटा किंवा चौथरा येतो. म्हणूनच ‘कबर खोदली’ हे वाक्य सहज वाटते, तर ‘थडगे खोदले’ असे म्हटल्यावर कोणीतरी जुने बांधकाम उकरले असा अर्थ लागतो. थडगे बांधायचे असते. शिवाय कबर हा शब्द आज आदराने उच्चारता येतो, पण थडगे या शब्दाला थोडा कोरडेपणा आणि कधी तुच्छताही चिकटली आहे. ज्यांचे पूर्वज तेथे विसावले आहेत त्यांच्याशी बोलताना कबर म्हणणेच योग्य.

प्रश्न: थाळनेरच्या वास्तूंना ‘हजिरे’ का म्हणतात?

शिरपूर तालुक्यातील थाळनेर ही खानदेशावर राज्य केलेल्या फारुकी घराण्याची पहिली राजधानी. या घराण्याचा संस्थापक मलिक राजा 1399 साली मरण पावला आणि त्याचे दफन थाळनेरलाच झाले. त्याच्या वंशजांपैकी काहींच्या कबरीही तेथेच, घुमट असलेल्या दगडी वास्तूंखाली आहेत. स्थानिक लोक या वास्तूंना हजिरे म्हणतात. या शब्दाच्या मुळाशी असलेल्या अरबी ‘हजीरा’चा अर्थ कुंपण घातलेली किंवा भिंतींनी वेढलेली जागा असा आहे. त्यात मृत्यूचा, दफनाचा किंवा जमिनीखालच्या खोलीचा काहीही उल्लेख नाही. कबरीभोवती आवार घालण्याच्या रिवाजामुळे आवाराचे नाव आधी कबरीला आणि नंतर तिच्यावरच्या घुमटाला मिळाले. गुजरातेतही हा शब्द याच अर्थाने चालतो आणि वडोदऱ्याचा हजिरा प्रसिद्ध आहे. थाळनेर आणि गुजरात यांच्यात तापीच्या खोऱ्यातून कायम येणे-जाणे होते, त्यामुळे शब्द दोन्हीकडे सारखाच असावा यात नवल नाही.

आमच्या मते थाळनेरच्या वास्तूंबद्दल लिहिताना ‘मकबरे’ असा शब्द वापरण्यापेक्षा ‘हजिरे’ हाच शब्द ठेवावा. तो चुकीचा नाही, जुना आहे आणि गावाने जपलेला आहे.

प्रश्न: मकबरा, मजार, दर्गा, रौजा, तुर्बत हे सगळे एकाच गोष्टीचे शब्द आहेत का?

वस्तू पुष्कळदा एकच असते, पण प्रत्येक शब्द तिच्याकडे वेगळ्या बाजूने पाहतो. मकबरा हा ‘कब्र’ याच धातूपासून बनलेला स्थलवाचक शब्द आहे, म्हणजे कबर असलेली जागा. पुढे तो कबरीवरच्या भव्य इमारतीसाठी रूढ झाला. मजार या शब्दात भेटीचा अर्थ आहे: जिथे जियारत, म्हणजे दर्शनाची भेट घेतली जाते ती जागा. दर्गा हा फारसी ‘दरगाह’ आहे आणि त्याचा मूळ अर्थ उंबरठा किंवा दरबार असा होतो. सूफी सत्पुरुषाच्या कबरीशी लोक दरबारात जावे तसे मागणे घेऊन जातात, म्हणून हा शब्द तिथे बसला. तुर्बत हा शब्द माती या अर्थाच्या अरबी शब्दापासून आला आहे, आणि या सगळ्यांत जमिनीच्या सर्वांत जवळ राहिलेला तोच आहे.

रौजा म्हणजे बाग. सत्पुरुषाचे किंवा राजाचे विश्रांतिस्थान स्वर्गातील बागेसारखे असावे, ही कल्पना त्यामागे आहे. रमजानचा रोजा, म्हणजे उपवास, हा फारसी शब्द असून त्याचा या रौजाशी संबंध नाही. मराठीत दोन्हींचा उच्चार जवळ आल्यामुळे घोटाळा होतो. घाट चढून वेरूळकडे जाताना लागणाऱ्या खुलताबादला जुनी माणसे अजूनही रौजा किंवा रोजा म्हणतात, ते तेथील सूफी संतांच्या कबरींमुळे. औरंगजेब 1707 साली अहमदनगरला वारला आणि त्याचा देह खुलताबादलाच नेऊन पुरण्यात आला. त्याची कबर उघड्या आकाशाखाली आहे, तिच्यावर घुमट नाही. त्यामुळे तिला कबर म्हणावे, मकबरा म्हणू नये.

प्रश्न: मुस्लिम रिवाजातील कबर जमिनीखाली कशी असते? ‘लहद’ म्हणजे काय?

दोन पद्धती प्रचलित आहेत. एका पद्धतीत खड्डा सरळ खाली खणून त्याच्या तळाशी मधोमध एक अरुंद चर काढतात आणि देह त्यात ठेवून वर फरशा किंवा फळ्या आडव्या लावतात. हिला शक किंवा शिक म्हणतात आणि माती भुसभुशीत असेल तिथे हीच सोयीची पडते. दुसरीत खड्ड्याच्या तळाशी, किब्ल्याच्या, म्हणजे मक्केच्या दिशेच्या, बाजूच्या भिंतीत, देह मावेल एवढा कोनाडा कोरतात. या कोनाड्याचे नाव लहद. मूळ धातूचा अर्थ बाजूला वळणे, सरळ रेषेपासून ढळणे असा आहे. श्रद्धेच्या मार्गावरून ढळलेल्या माणसासाठी असलेला ‘मुल्हिद’ हा अरबी शब्दही त्याच धातूचा. भिंतीतला कोनाडा आणि पाखंडी मनुष्य एकाच धातूतून निघावेत, हे शब्दांच्या अभ्यासकाला सुखावणारे आहे. देह उजव्या कुशीवर, तोंड किब्ल्याकडे करून ठेवला जातो. मग आलेला प्रत्येकजण तीन वेळा ओंजळीने माती देतो.

प्रश्न: वर दिसणारा कोरीव दगड म्हणजेच कबर का?

पुष्कळ ठिकाणी नाही. कबरीच्या खुणेसाठी वर ठेवलेल्या अशा दगडाला तावीज म्हणतात. गळ्यात बांधायच्या ताइताचाच हा शब्द. ताजमहालात पर्यटकांना दिसणारे घुमटाखालचे दोन नक्षीदार दगड रिकामे आहेत आणि खऱ्या कबरी त्यांच्या खाली, तळघरात, साध्या स्वरूपात आहेत. याउलट औरंगजेबाची पत्नी दिलरस बानू बेगम हिच्या बीबी का मकबऱ्यात मधली जमीन अष्टकोनी आकारात मोकळी सोडली आहे आणि वरून वाकून खालची खरी कबर पाहता येते. दोन्ही इमारतींची तुलना संगमरवराच्या शुभ्रतेवर करण्याची सवय आहे. हा फरक मात्र सहसा कोणी सांगत नाही.

प्रश्न: मुमताजची कबर बऱ्हाणपूरला आहे, असे ऐकले. खरे काय?

ती तेथे होती, पण आता नाही. मुमताज महल 17 जून 1631 रोजी बऱ्हाणपूर येथे चौदाव्या बाळंतपणात वारली. बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असले तरी फारुकींच्या आणि मुघलांच्या काळात ते खानदेशचेच मुख्य शहर होते. तापीपलीकडे झैनाबादच्या बागेत, आहूखान्यात, तिचे दफन झाले. फारसीत आहू म्हणजे हरीण; आहूखाना म्हणजे हरणे ठेवण्याची राखीव जागा. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये देह आग्र्याला नेण्यात आला. तेथेही तो आधी बागेत तात्पुरता पुरला गेला आणि नंतर आजच्या जागी आला.

अशा तात्पुरत्या दफनासाठी ‘अमानत’ हा शब्द वापरतात. अमानत म्हणजे विश्वासाने ठेवलेली ठेव. देह मातीला दिला नाही, तिच्याकडे ठेवायला दिला, एवढा बारीक फरक या एका शब्दात आहे. मराठीत त्याला प्रतिशब्द नाही आणि तो घडवण्याची गरजही वाटत नाही, कारण अमानत हा शब्द आपल्या कोर्टकचेरीच्या भाषेत पूर्वीपासून आहे.

प्रश्न: समाधी म्हटली की खाली देह असतोच का?

हा सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. समाधी ही मुळात जागाच नव्हे. योगशास्त्रात ती चित्ताची अवस्था आहे, अष्टांगांपैकी शेवटचे अंग. योगी पुरुष मरत नाही, तो त्या अवस्थेत स्थिर होतो, अशी श्रद्धा असल्यामुळे त्याचा देह न जाळता बसलेल्या स्थितीत भूमीत ठेवण्याची प्रथा पडली आणि त्या क्रियेला ‘समाधी घेणे’ किंवा ‘समाधी देणे’ म्हणू लागले. तिथून शब्द जागेवर आला. ज्ञानेश्वरांनी 1296 साली आळंदीला घेतलेली संजीवन समाधी ही या अर्थाची आहे: विवरात प्रवेश केला आणि द्वार शिळेने बंद झाले. नाथपंथी आणि गोसावी यांच्यात तसेच लिंगायत समाजात आजही देह बसवून पुरतात. लिंगायतांत तळहातावर इष्टलिंग ठेवले जाते आणि मृत्यूला लिंगैक्य असा स्वतंत्र शब्द आहे.

नंतर मात्र हा शब्द सैल झाला. रायगडावर शिवछत्रपतींचे 1680 साली दहन झाले, तरी तेथील स्मारकाला आपण समाधीच म्हणतो. दिल्लीच्या राजघाटावर दहनाच्या जागेला समाधी म्हणतात. म्हणजे आज या शब्दाखाली किमान तीन गोष्टी येतात: देह असलेले भूमिगत स्थान, दहनाच्या जागेवरचा चौथरा आणि निव्वळ स्मारक.

खानदेशात यात आणखी एक भर पडते. मुक्ताबाई 1297 साली तापीकाठी, आजच्या मुक्ताईनगरच्या परिसरात, विजेच्या कडकडाटात गुप्त झाल्या अशी वारकरी परंपरा आहे. तेथे देह पुरलाही नाही आणि जाळलाही नाही, त्यामुळे परंपरेचे भाषिक भान असे की तिथे ‘अंतर्धान’ किंवा ‘गुप्त होणे’ हे शब्द येतात. भाविक दर्शनाला जाताना मुक्ताईची समाधी म्हणतात, त्यात चूक काढण्याचे कारण नाही. पण लिहिताना अंतर्धानस्थान म्हणणे अधिक नेमके. त्याच भागात तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवांचे प्राचीन मंदिर आहे, आणि त्यांची समाधी म्हणून मात्र गोदाकाठचे पुणतांबे दाखवले जाते. अमळनेरला बोरी नदीच्या पात्रातच सखाराम महाराजांची समाधी आहे. नदीला पाणी असो वा नसो, वाळवंटात उतरून तिच्यापाशी जावे लागते.

प्रश्न: थोरल्या बाजीरावांची समाधी आपल्या रावेरला आहे ना?

नाही. 28 एप्रिल 1740 रोजी त्यांचा मृत्यू नर्मदाकाठच्या रावेरखेडी येथे झाला. ते गाव मध्य प्रदेशाच्या खरगोन जिल्ह्यात आहे, जळगाव जिल्ह्यातील रावेरशी त्याचा संबंध नाही. तेथे दहन झाले असल्यामुळे समाधी हा शब्द वर सांगितलेल्या दुसऱ्या अर्थाने घ्यावा.

प्रश्न: छत्री आणि वृंदावन ही दफनस्थाने आहेत का?

छत्री नाही. ती सामान्यतः दहनाच्या जागेवर किंवा स्मरणार्थ उभारलेली वास्तू असते. वृंदावनाबद्दलचे उत्तर मात्र ठिकाणानुसार बदलते. महाराष्ट्रात दहनाच्या जागी बांधलेल्या तुळशीच्या चौथऱ्याला वृंदावन म्हणतात, पण मध्वाचार्यांच्या माध्व संप्रदायात यतीचा, म्हणजे संन्याशाचा, देह ज्या बांधकामाखाली ठेवला जातो त्यालाच वृंदावन हे नाव आहे. मंत्रालयमचे राघवेंद्र स्वामींचे वृंदावन 1671 सालचे आहे.

प्रश्न: स्मशान हा शब्द फक्त दहनाशी जोडलेला आहे का?

आज तसा वाटतो, पण मुळात नाही. प्राचीन व्युत्पत्तिकार यास्काने आपल्या निरुक्त या ग्रंथात श्मशानाची फोड ‘श्म’ म्हणजे शरीर आणि ‘शयन’ म्हणजे निजणे अशी केली आहे. देह निजतो ती जागा; त्यात आग नाही. वेदकाळी दहन आणि दफन दोन्ही चालत होती. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अंत्यसूक्तात मृताला भूमिमातेकडे जाण्यास सांगितले आहे आणि आई पदराने लेकराला झाकते तसे याला झाक, अशी भूमीची विनवणी आहे. वसिष्ठांच्या एका सूक्तात ‘मला मातीच्या घरात जायला लावू नकोस’ असे वरुणाला विनवले आहे. मृन्मय गृह, मातीचे घर: भूमिगत अंत्यस्थानासाठी इतका साधा शब्द आम्हाला दुसरीकडे आढळला नाही.

धर्मशास्त्राने पुढे दहन हा सामान्य नियम केला, पण दोन वर्षांच्या आतील बालकांना पुरावे असे सांगितले, आणि ती रीत खेड्यापाड्यांत अजून पाळली जाते. स्मशानाचेच झिजलेले रूप मसण, आणि त्याचा परिसर मसणवटा.

प्रश्न: दफनावरून मराठीत कोणते वाक्प्रचार आले?

आश्चर्य वाटावे इतके थोडे, पण जे आहेत ते धारदार आहेत. मूठमाती म्हणजे दफनाच्या वेळी मूठभर माती देणे. ‘जुन्या रूढींना मूठमाती दिली’ असे आपण म्हणतो तेव्हा त्या जाळल्या नाहीत, पुरल्या, हे कोणाच्या लक्षातही येत नाही. ‘गाडलेली मढी उकरून काढणे’ म्हणजे मिटलेली भांडणे पुन्हा वर काढणे. म्हातारपणाबद्दल मात्र दहनाची भाषा येते: ‘मसणात गवऱ्या गेल्या’. क्रियापदांची निवडही पाहण्यासारखी आहे. माणसाला पुरतात किंवा त्याचे दफन करतात. गाडतात ते शत्रूला, जनावराला किंवा प्रकरणाला. बातमी लिहिणाऱ्यांनी हा भेद पाळावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

प्रश्न: खानदेशातील सर्वांत जुनी दफने कोणती आणि त्यांना काय म्हणतात?

गिरणाकाठी, चाळीसगाव तालुक्यातील बहाळ येथे 1950च्या दशकात पुरातत्त्वज्ञ म. न. देशपांडे यांनी उत्खनन केले. त्या वेळी समोरच्या तीरावर टेकवाडा येथे ताम्रपाषाणयुगीन दफने मिळाली, त्यांत मातीच्या मोठ्या भांड्यांत ठेवलेली दफने होती. अशा दफनांना पुरातत्त्वाच्या मराठीत कुंभदफन म्हणतात, आणि साध्या खड्ड्यातील दफनाला गर्तदफन. याच काळातील जोर्वे संस्कृतीची दफने पुणे जिल्ह्यातील इनामगावला विपुल मिळाली. तेथे लहान मुलाचा देह दोन रांजणांत ठेवून त्यांची तोंडे एकमेकांना जोडत आणि ते आडवे करून घराच्या जमिनीखालीच पुरत. प्रौढांचे देह उत्तर-दक्षिण निजवत आणि घोट्याखालची पावले तोडलेली असत. मृताने चालत कुठे जाऊ नये म्हणून असे केले असावे, हा संशोधकांचा तर्क आहे. मृताला घरापासून दूर न्यायचे नाही आणि मोकळे फिरूही द्यायचे नाही, अशा मायेला आणि धास्तीला त्या लोकांच्या भाषेत कोणता शब्द होता, हे कळायला मार्ग नाही. कुंभदफन हा शब्द आपला आहे.

प्रश्न: बौद्ध स्तूप म्हणजे कबर का?

स्तूप या शब्दाचा अर्थ ढीग, रास. त्यात सबंध देह नसतो. दहनानंतरचे अवशेष, ज्यांना धातू म्हणतात, ते करंडकात घालून आत ठेवतात, आणि त्या गाभ्याला धातुगर्भ असे नाव आहे. चाळीसगावच्या बाजूने जवळ पडणाऱ्या पितळखोऱ्याच्या चैत्यगृहातील स्तूपात स्फटिकाचे करंडक मिळाले आहेत. सगळेच स्तूप धातुगर्भ नसतात. काही केवळ पूजेसाठी असतात.

प्रश्न: गावात ‘भुयार’ आहे असे सांगतात. ते दफनस्थान असू शकते का?

क्वचितच. भुयाराचे नाते ‘भूमिगृह’ या शब्दाशी आहे, म्हणजे जमिनीखालचे घर. तळघर हा त्याचाच मराठी जोड आणि तहखाना हा फारसी. या तिन्ही शब्दांत देहाचा संबंध नाही. जुन्या वाड्याखाली, गढीखाली किंवा शेतात बाटलीच्या आकाराचा, वर अरुंद आणि खाली रुंद खड्डा सापडला तर तो बहुधा पेव असतो, म्हणजे धान्य साठवण्याची जागा. अमुक गढीतून तमुक किल्ल्यापर्यंत भुयार जाते, ही कथा आम्ही इतक्या गावांत ऐकली आहे की आता ऐकून फक्त चहा मागतो.

प्रश्न: कॅटाकोम्ब, क्रिप्ट, नेक्रोपोलिस यांना मराठीत काय म्हणावे?

क्रिप्ट म्हणजे चर्चच्या खालची खोली. ग्रीक मुळाचा अर्थ ‘लपलेले’. तिला दफन-तळघर म्हणता येईल. नेक्रोपोलिसचा शब्दशः अर्थ मृतांची नगरी, आणि तो मराठीत जसाच्या तसा शोभतो. कॅटाकोम्बचे भाषांतर करू नये. हे आधी रोमजवळील आपियन मार्गावरच्या एका जागेचे नाव होते आणि तिथल्या भूमिगत दफन-बोळांवरून ते सामान्यनाम झाले. पॅरिसचे कॅटाकोम्ब मात्र मूळचे दफनस्थान नव्हेच: त्या दगडाच्या जुन्या खाणी होत्या, आणि भरून वाहणाऱ्या कबरस्तानांतील हाडे 1786पासून तिथे हलवण्यात आली. त्यांत सुमारे 60 लाख लोकांचे अवशेष असल्याचे मानले जाते. सार्कोफॅगस या दगडी शवपेटीच्या नावाचा अर्थ ‘मांसभक्षक’ असा आहे. सेनोटाफ म्हणजे रिकामी कबर, ज्याला आम्ही स्मृतिकबर हा शब्द सुचवतो. मॉसोलियम हा शब्द मात्र एका माणसाचे नाव आहे: ई.स.पू. 353मध्ये वारलेल्या मॉसोलस या राजाचे.

प्रश्न: ताबूत म्हणजे शवपेटीच ना?

अरबीत हो. महाराष्ट्रात मोहरममध्ये निघणाऱ्या ताजियाला ताबूत म्हणतात, त्यामुळे मराठी मजकुरात शवपेटीसाठी हा शब्द वापरल्यास वाचक चकतो.

प्रश्न: शेत नांगरताना हाडे असलेला रांजण निघाला तर काय करावे?

तो हलवू नये आणि आतले काही बाहेर काढू नये. भांडे कोणत्या थरात आणि कोणत्या दिशेला होते, हीच त्याची खरी माहिती असते, आणि ती एकदा उचलले की कायमची जाते. नांगर तेवढ्या भागात थांबवून वर हलकी माती किंवा गोणपाट टाकावे, जागेचे छायाचित्र घ्यावे आणि तलाठी किंवा तहसील कार्यालयामार्फत पुरातत्त्व विभागाला कळवावे. सोबत मौल्यवान वस्तू निघाल्यास 1878च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे, आणि त्या कायद्यातील किमान मूल्य अवघे दहा रुपये आहे. हाडे अलीकडची वाटत असतील तर आधी पोलिसांना सांगावे.